हावेल्का घराण्याचा कुलवृत्तांत

व्याह्यांना त्यांचं मूळ गाव विचारू नये, असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तो शिष्टाचार आहे. पाहुणे टेकले, पाणी झालं, की "घर सापडायला त्रास नाही ना झाला?" हा पहिला प्रश्न आणि "मूळचे कुठले?" हा दुसरा. त्या दिवशी पाहुणे आम्हीच होतो आणि घर सापडायला भरपूर त्रास झाला होता. कॅल्गरीपासून दोन तास सरळ रस्ता, मग उजवीकडे वळून आणखी सरळ रस्ता, आणि दोन्हीकडे नुसती जमीन. त्यामुळे पहिला प्रश्न आपोआप निकालात निघाला आणि मी थेट दुसऱ्यावर आलो.

आमच्या गौरांगीने स्वतःसाठी ईथन हावेल्का नावाचा मुलगा पसंत केला होता. मुलगा कॅल्गरीत जिओलॉजिस्ट आहे, स्वभावाने गरीब आहे, आणि वरणभात हाताने खाताना कोपरापर्यंत माखतो, एवढाच काय तो दोष. त्याचे वडील डग शेती करतात. आजोबा एमिल, नव्वदी ओलांडलेले, डग शेती कशी चुकीची करतो ते ट्रॅक्टरवर बसून बघतात. मी त्यांना पहिल्या भेटीपासून एमिलराव म्हणतो. 'राव' म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी 'सर' असं भाषांतर केलं. तेव्हापासून ते मला सूर्यराव म्हणतात. ते बोलतात अर्थातच इंग्रजीत, तेही निम्मं नाकातून, पण मी त्यांचं बोलणं इथे मराठीत देणार आहे. माझ्या डोक्यात ते तसंच उतरतं.

"मूळचे कुठले?" मी विचारलं आणि बटाटा घेतला.

"बोहेमिया. चेक लोकांचा मुलुख," एमिलराव म्हणाले.

"ते झालं. पण गाव?"

एमिलरावांनी काटा खाली ठेवला. "गाव माहीत नाही. वडील तिकडून एकटेच आले, इथे जमीन घेतली, आणि मी चार वर्षांचा असताना घोड्याने लाथ मारून त्यांना संपवलं. आई युक्रेनियन. तिला त्यांच्या गावाचं नाव कधी उच्चारताच आलं नाही, त्यामुळे विसरली. मला काका नाही, चुलत भाऊ नाही. शाळेत असताना ख्रिसमसला सगळ्यांकडे गाड्या भरून माणसं यायची, आमच्याकडे मी आणि आई. जायच्या आधी या टेबलापलीकडचा एखादा तरी हावेल्का बघायला मिळाला असता, तर बरं वाटलं असतं."

टेबलाखालून माझ्या बायकोने, चित्राने, माझ्या पायावर पाय दिला. तिला माझा चेहरा कळतो. पण तोवर उशीर झाला होता.

"मी शोधून देतो," मी म्हणालो. "लग्नाच्या आत."

आता यात बढाई नव्हती. मी नागपूरचा पेट्रोलियम इंजिनियर. जमिनीखाली दोन किलोमीटरवर काय आहे ते वर बसून सांगण्यात माझी उमर गेली, मग जमिनीवर राहून गेलेला माणूस सापडायला असं कितीसं जड जाणार? शिवाय आमच्या घाटे घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. मूळ पुरुष, मूळ गाव, कुलदैवत, शाखा, उपशाखा, दत्तक गेलेले, घर सोडून गेलेले, सगळं त्यात आहे. त्यातली कॅनडा शाखा मी स्वतः लिहिली आहे आणि तिच्यात अजून एकही चूक निघालेली नाही. (शाखेत आम्ही तिघंच आहोत.) हावेल्का घराण्याचाही असाच कुलवृत्तांत करून एमिलरावांच्या हातात ठेवायचा, असं मी परतीच्या वाटेवर जाहीर केलं.

"तुम्ही मुलीच्या लग्नाचा हॉल बघा," चित्रा म्हणाली.

त्यात फाटक गुरुजींनी आणखी एक ठिणगी टाकली. गुरुजी एडमंटनला असतात, सोमवार ते शुक्रवार बँकेत कॉम्प्युटर सांभाळतात आणि शनिवार-रविवार लग्नं लावतात. त्यांनी फोनवर मुलाच्या तीन पिढ्या विचारल्या. लग्नात 'अमक्याचा पणतू, तमक्याचा नातू, फलाण्याचा मुलगा' असा उच्चार व्हावा लागतो. मी रुबाबात सांगितलं: फ्रँक, एमिल, डग.

"गोत्र?"

"त्यांना कुठलं गोत्र?"

"मग काश्यप म्हणू. ज्यांचं माहीत नसतं त्यांना काश्यप चालतं."

शास्त्राने हे बरोबर असेलही. पण मला हावेल्कांच्या वतीने अपमान वाटला. माझ्या व्याह्यांना असं फोनवरून, काही विचारपूस न करता, मोबाइलच्या डिफॉल्ट सेटिंगवर टाकावं? मी म्हणालो, "गुरुजी, थांबा. मी माहिती काढतो."

आमच्या समोर परीक्षित राहतो, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. विंटर टायर कधी बदलावेत इथपासून किडनी कुठली ठेवावी इथपर्यंत त्याचा सल्ला तयार असतो. "काका, व्हाय आर यू वेस्टिंग टाइम? डीएनए किट मागवा. ट्यूबमध्ये थुंकायचं, पोस्टात टाकायचं, सहा आठवड्यांत सगळे कझिन्स स्क्रीनवर." मी किट मागवलं, दोन तास गाडी हाकत फार्मवर गेलो आणि नळी एमिलरावांपुढे धरली.

"सूर्यराव," ते म्हणाले, "मी या अंगणात ऐंशी वर्षं थुंकतोय. हवं तिथून उचला."

ते किट अजून आमच्या बेसमेंटमध्ये आहे.

मग मी स्वतःच्या पद्धतीने निघालो. पहिला पुरावा थडग्याचा. फ्रँक हावेल्का फार्मपासून जवळच्या एका लहान दफनभूमीत आहेत, असं डग म्हणाले होते. मार्च महिना होता. मार्चमध्ये तिथे थडगी नसतात, बर्फ असतं. मी गाडीतलं फावडं काढलं आणि अंदाजाने एका कोपऱ्यापासून शोव्हल करायला घेतलं. चार अनोळखी कुटुंबांची माणसं मोकळी करून झाली आणि मी पाचव्याला हात घातला, तेवढ्यात मागे पोलिसांची गाडी थांबली. दफनभूमीत एक ब्राऊन माणूस काहीतरी खणतोय, असा कुणीतरी फोन केला होता.

"सर, व्हॉट आर यू डिगिंग फॉर?" पोलीस पोरगा तरुण होता आणि माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता.

"माझ्या होणाऱ्या व्याह्यांच्या आजोबांसाठी," मी इंग्रजीत म्हणालो. इंग्रजीत हे वाक्य फार लांब आणि फार संशयास्पद होतं.

शेवटी त्याने डगना फोन लावून खात्री करून घेतली आणि मग, सांगायला आनंद वाटतो, गाडीतून स्वतःचं फावडं काढलं. फ्रँक सातव्या जागी निघाले. दगडावर एवढंच होतं: फ्रँक जे. हावेल्का. खाली दोन सालं.

त्या 'जे' वर मी सबंध एप्रिल काढला. पूर्ण नाव सरकारी दफ्तरात मिळेल, असं कळलं. तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी नातं विचारलं. मी 'व्याही' ही संकल्पना समजावून दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सो यू आर नॉट रिलेटेड."

"वी आर गोइंग टू बी."

"देन कम बॅक व्हेन यू आर."

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही माणसं इथे आली तेव्हा यांच्या भाषेला व्याही या शब्दाची गरज पडली नव्हती, हे मी समजू शकतो. पण आता पडते आहे. मी पुढच्या आठवड्यात खुद्द एमिलरावांनाच घेऊन गेलो. त्यांनी ओळखपत्र आपटलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाईंना म्हणाले, "ही इज माय वाही." काम दहा मिनिटांत झालं. नाव होतं फ्रँक जोसेफ हावेल्का.

झालं. मला आणखी काय हवं होतं? फ्रँक, त्यांचे वडील जोसेफ, आडनाव हावेल्का. मी सूर्यकांत, माझे वडील दीनानाथ, आडनाव घाटे. सूर्याखाली याहून स्वच्छ व्यवस्था नाही. मी बोहेमियातल्या चर्चांच्या जुन्या नोंदी संगणकावर उघडल्या आणि जोसेफ हावेल्का शोधायला बसलो. नोंदी जर्मन अक्षरांत होत्या, आणि ती अक्षरं लिहिणारा पाद्री बहुधा गाडीत बसून लिहीत होता. तरी तीन आठवड्यांत मला एका खेड्यातला जोसेफ सापडला, आणि त्याला फ्रँक नावाचा मुलगाही होता. जन्मसाल थडग्यावरच्यापेक्षा दोन वर्षांनी वेगळं होतं, पण त्याचं मला काहीच वाटलं नाही. माझंही वेगळं आहे. शाळेत घालताना हेडमास्तर सांगतील ती तारीख, हे सगळ्या खेड्यांत चालत असणार.

जोसेफवरून मागे मागे जात मी सहा पिढ्या वर गेलो आणि मूळ पुरुषापाशी पोचलो. मूळ पुरुष पाणचक्कीवाला होता. मग खाली उतरलो तेव्हा खरा खजिना हाती लागला. जोसेफचा दुसरा मुलगा आमच्या अल्बर्टाशेजारच्या सस्कॅचेवान प्रांतात आला होता आणि त्याचा वंश तिथे चांगला फोफावला होता. त्यांच्यातल्या थोरल्या, मार्लीन हावेल्का, आयुष्यभर स्कूल बस चालवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा नंबर मिळवून मी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं: अल्बर्टात तुमचे चुलतकाका आहेत, नव्वदीच्या पुढचे आहेत, आयुष्यात त्यांनी घराबाहेरचा एक हावेल्का पाहिलेला नाही, जुलैत लग्न आहे, सगळ्यांनी यायचं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, बाई गहिवरल्या.

"किती जणांना बोलावताय?" त्यांनी अखेर विचारलं.

"भावकी म्हटल्यावर सगळेच," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, मग चाळीसेक धरा.

चित्राने हे ऐकलं तेव्हा ती केटररच्या मेन्यूवर खुणा करत होती. तिने पेन खाली ठेवलं. "चाळीस? अहो, आपल्या बाजूचे मिळून पस्तीस होतायत."

कुलवृत्तांत मी सुबक बांधून घेतला आणि वंशवृक्ष मोठा छापून फ्रेम केला. एमिलरावांना तो दिला त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी चष्मा पुसला, बोट लावून पाणचक्कीवाल्यापासून खाली खाली स्वतःपर्यंत आले, मग बाजूच्या फांदीवरची चाळीस नावं एकेक करून मोठ्याने वाचली. फ्रेम त्यांनी स्वयंपाकघरात टीव्हीच्या वर लावली. डग म्हणाले, हल्ली टपाल टाकायला आलेल्या बाईलाही आत बोलावून दाखवतात. मला खरं सांगायचं तर इतकं समाधान तेलाची विहीर लागल्यावरही झालं नव्हतं.

लग्न शनिवारी होतं. फार्मवरच, यंत्रं ठेवण्याच्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडव घालायचा होता. मुलांनी लग्नाचं लायसन्स गुरुवारपर्यंत लांबवलं होतं, म्हणून मी त्यांना गाडीत घालून रजिस्ट्रीत नेलं. काउंटरवरच्या मुलीने खात्रीसाठी नावं मोठ्याने म्हटली. "गौरांगी सूर्यकांत घाटे. ईथन जेम्स हावेल्का."

"करेक्ट," ईथन म्हणाला.

"करेक्ट कसं?" मी म्हणालो. "तुझ्या वडिलांचं नाव डग्लस. मग हा जेम्स कोण?"

"नोबडी. मॉमला नाव आवडायचं."

मी खुर्चीवर बसलो. आवडायचं. मधल्या जागी, जिथे बाप असतो तिथे, आवडलेलं नाव.

"बाबा," गौरांगीचा आवाज बारीक झाला. "आजोबांचे फादर फ्रँक जोसेफ. प्लीज टेल मी यू डिडन्ट."

आणि वाचकहो, यात सर्वांत लागणारी गोष्ट ही की डॉक्टरकडे, बँकेत, विमानतळावर मला या देशात सगळे 'दीनानाथ' म्हणून हाक मारतात, आणि मी दर वेळी उठून, तो माझा बाप आहे, तुमच्यासारखं हौसेचं नाव नव्हे, असं भाषण देत आलो आहे. हाच फरक मी जन्मभर लोकांना शिकवला. उलट दिशेने तो मला एकदाही दिसला नाही.

घरी येऊन नोंदी पुन्हा उघडल्या. पुढचं एक पान उलटलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. माझ्या त्या जोसेफचा फ्रँक म्हातारा होऊन बोहेमियातच, आपल्या गावात, आपल्या अंथरुणात वारला होता. त्याने समुद्र काय, तालुकासुद्धा ओलांडला नव्हता. एमिलरावांचा आणि त्या पाणचक्कीचा काडीचा संबंध नव्हता. मी मार्लीनबाईंना फोन लावला, तर त्या हायवेवर होत्या. मागून चाळीस जण आठ गाड्यांतून गात होते.

"लग्न झाल्यावर सांगा," चित्रा म्हणाली.

"बाबा, यू हॅव टू टेल हिम फर्स्ट," गौरांगी म्हणाली. दोघींचं पटलं नाही की मी मुलीचं ऐकतो. तिचं डोकं आम्हा दोघांपेक्षा थंड असतं.

शुक्रवारी दुपारी मी फार्मवर पोचलो तेव्हा अंगणात जागा नव्हती. तंबू, ट्रेलर, घडीच्या खुर्च्या, एक अकॉर्डियन आणि जर्दाळू भरलेल्या गोड पावांचे ट्रेच्या ट्रे. मार्लीनबाई शेडमध्ये खुर्च्या कशा मांडाव्यात यावरून डगशी वाद घालत होत्या, आणि डग जिंकत नव्हते. एमिलराव मधोमध बसले होते. अंगावर लग्नाचा सूट एक दिवस आधीच चढवलेला. कुणाची तरी लहान मुलगी त्यांच्या मांडीवर बसून त्यांचे कान तपासत होती.

"मार्लीन म्हणते, हे कान तिच्या वडिलांचे," ते मला म्हणाले. "सकाळपासून सगळे येऊन बघून जातायत."

मी त्यांना बाजूला, धान्याच्या कोठारामागे नेलं आणि सगळं सांगितलं. मधल्या नावाची आमची पद्धत, त्यांची पद्धत, न उलटलेलं पान. मी या माणसाला माणसं मिळवून दिली होती, आणि आता परत मागत होतो. मला रडू यायला लागलं, आणि सासरेपणाच्या आदल्या दिवशी ते शोभत नाही म्हणून मी कोठाराकडे बघत राहिलो.

"म्हणजे ते माझे कुणी नाहीत," एमिलराव म्हणाले.

"नाहीत."

"माझं गाव पण ते नाही."

"नाही. मी परत शोधीन, पण..."

ते अंगणाकडे वळले. अकॉर्डियन सुरू झालं होतं. "ते तुमचं गोत्र की काय," ते म्हणाले, "ईथन सांगत होता. माहीत नसलेल्यांसाठी एक आहे म्हणे?"

"काश्यप."

"त्यात कुणालाही घेतात?"

"कुणालाही."

"मग आम्हाला त्यात टाका," ते म्हणाले आणि सूट झटकून खुर्च्यांच्या वादात पडायला निघून गेले.

शनिवारी लग्न लागलं. गुरुजींनी फ्रँकचा पणतू, एमिलचा नातू, डगचा मुलगा, काश्यप गोत्र, असा खणखणीत उच्चार केला. माझ्याकडे एकदाच बघितलं, पण बँकेतला माणूस असल्याने काही बोलले नाहीत. चाळीस हावेल्कांनी अक्षता अशा नेम धरून टाकल्या की फोटोग्राफरला टोपी घालावी लागली. मग तो ओरडला, "ग्रूम्स फॅमिली ओन्ली, प्लीज," आणि सगळा सस्कॅचेवान उठून एमिलरावांभोवती गोळा झाला. ते मधोमध, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. मला ते बघवेना आणि बघितल्यावाचून राहवेना.

मार्लीनबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "सूर्या," त्या हळूच म्हणाल्या, "एक सांगते, पण इथेच ठेवायचं. आमच्या जोसेफचा फ्रँक कधी आलाच नव्हता इकडे. तुमचा फोन आला तेव्हाच मला ठाऊक होतं."

"मग तुम्ही..."

"म्हातारा एकटा आहे म्हणालात. आणि तुम्ही इतके खूश होतात. मी पोरांना विचारलं, ती म्हणाली, जाऊ या." त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "एमिलला कळता कामा नये. त्याला फार लागेल."

मी मान हलवली. त्या फोटोत जाऊन उभ्या राहिल्या.

फोटो झाल्यावर एमिलराव काठी टेकत माझ्याकडे आले. कपाळावर कुणीतरी भलं मोठं कुंकू लावलं होतं, कोटावर तांदूळ होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी वाकले.

"सूर्यराव, ते काल बोललात ते. मार्लीनला सांगू नका हं. एवढ्या लांबून आलीय बिचारी, तिला फार लागेल."

आमच्या घाट्यांच्या कुलवृत्तांतात तीनशे वर्षांची सख्खी भावकी आहे. त्यातल्या कुणी कुणाचं मन असं सांभाळल्याची एकही नोंद माझ्या वाचनात नाही.

"नाही सांगत," मी म्हणालो, आणि त्यांना हाताला धरून जेवायला घेऊन गेलो. मार्लीनबाईंनी त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती.